रखवालदाराचं लेकरू

हिवरखेडला वच्छलाबाईंच्या घरी अंगणवाडीचं पाकीट आलं की ते चुलीपर्यंत कधी पोचायचंच नाही. ओसरीवरच त्या ते दातानं फाडत, आतलं पीठ सरळ सरकीच्या ढेपीत ओतत आणि घमेलं म्हशीपुढं सरकवत. शेजारची एखादी बाई बघत असली तर मुद्दाम आवाज चढवून म्हणत, "सरकारनं आमच्या म्हशीचीबी सोय लावून ठेवली, बाप्पा!"

घर खाऊनपिऊन सुखी होतं. संत्र्याचा बगिचा होता, विहिरीला पाणी होतं, दारात दुभती म्हैस होती. मालक खुशालरावांना गावात मान होता. कोणाच्या लग्नाची बोलणी असली की त्यांना बोलावणं यायचं. एकुलता मुलगा किशोर शेती बघायचा. सून चंदा अमरावती जिल्ह्यातली, अंजनगाव सुर्जीकडची. शिकलेली, पण सासरी आल्यापासून बोलणं कमी आणि मान हलवणं जास्त. ती गरोदर राहिली तेव्हा अंगणवाडीच्या रागिणीताईंनी तिचं नाव नोंदवलं आणि पाकिटं येऊ लागली. चंदानं एकदाच विचारून पाहिलं होतं.

"आई, रागिणीताई म्हणत होत्या, हे पीठ तुपावर भाजलं तर लाडू चांगले होतात."

"आपल्या घरी दाणे नाही का गूळ नाही? हे राबणाऱ्या लोकांसाठी असते. आपण त्यांच्या तोंडचं काहून खावं?"

त्यांच्या दृष्टीनं हा विषय तिथंच संपला. दाणे होते, गूळही होता. पण ते कोठीत होते आणि कोठीची किल्ली वच्छलाबाईंच्या कमरेला. चंदा सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर जे उरेल ते घेऊन बसायची. गरोदर बाईनं फार खाल्लं तर लेकरू वाढतं आणि बाळंतपण अडतं, असं वच्छलाबाईंच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते सुनेला सांगितलं. त्यात दुष्टावा नव्हता. सून सुखरूप सुटावी म्हणूनच त्या तिला मोजकं वाढत होत्या.

मुलगा झाला. अंकुर. बारीक होता, पण नाकीडोळी नीटस. "आमच्या घरातले सगळेच असे बारीक असतात, मंग भरतात," असं वच्छलाबाई येईल त्याला सांगत. चंदाचं दूध लवकर आटलं, तेव्हा म्हशीचं दूध पचायला जड म्हणून त्यात पाणी घालून देऊ लागल्या. दात आले तसा अंकुर चहात बुडवलेलं बिस्कीट आवडीनं खाऊ लागला. सकाळी आजीच्या मांडीवर बसून चहा-बिस्कीट, दुपारी बिस्कीट, रडला की दुकानातलं कुरकुऱ्यांचं पाकीट. वरण-भात पुढं केला की तोंड फिरवायचा. वच्छलाबाई हसत. "पोट्टं मोठ्या घरचं हाय, त्याले वरण-भात नाही चालत."

रागिणीताई दर महिन्याला वजनाला बोलवायच्या. वच्छलाबाई काही ना काही कारण सांगत. ऊन आहे, सर्दी आहे, अमावस्या आहे. खरं कारण वेगळं होतं. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी बगिच्यात राखण करणाऱ्याची बायको शालू आपली पोरगी घेऊन बसलेली असायची, वीटभट्टीवरच्या बाया असायच्या. त्या रांगेत आपल्या नातवाला काट्यावर टांगायचं, हे वच्छलाबाईंच्या मनाला सोसत नव्हतं.

शालू मेळघाटातली, धारणीच्या अलीकडच्या एका गावातली. नवरा-बायको बगिच्यातल्या टिनाच्या खोलीत राहत. वच्छलाबाईंना ती 'माय' म्हणायची. बगिच्यातून आली की पालक, मेथी, काही ना काही पदरात बांधून आणायची. तिची पोरगी कायम तिच्या कडेवर, गुटगुटीत, हातात काहीतरी खायचं.

अंकुर सव्वा वर्षाचा असताना त्याला हगवण लागली. गावातल्या डॉक्टरच्या औषधानं ती थांबली, पण पोरगं काही उभारी धरेना. चालायला लागलं होतं ते परत बसू लागलं. मग एका दुपारी रागिणीताई न सांगताच घरी आल्या. त्यांनी पिशवीतून कागदाची एक पट्टी काढली. हिरवी, पिवळी, लाल. अंकुरचं झबलं वर सारून त्याच्या दंडाभोवती ती गुंडाळली, सोडली आणि परत एकदा गुंडाळून पाहिली.

"काय झालं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काकू, लाल आली."

"म्हंजे?"

"म्हणजे अकोल्याला न्यावं लागते. सरकारी दवाखान्यात असल्या लेकरांचा वेगळा वार्ड आहे. आईनं लेकराजवळ राहायचं. औषधापेक्षा खाऊ घालण्याचंच काम आहे तिथं."

वच्छलाबाई ताडकन उठल्या. "कुपोषित म्हणून राहिली का तू माह्या नातवाले? मेळघाटातलं पोट्टं हाय का ते? घरात म्हैस हाय, रागिणी! दूध हाय, तूप हाय!"

"आहे ना काकू. त्याच्या पोटात किती गेलं ते सांगा."

हे रागिणीताई अगदी हळू बोलल्या होत्या. दाराच्या चौकटीला टेकून चंदा उभी होती. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती कोणी न विचारता बोलली.

"मी नेते त्याले. कोणी नाही आलं तरी मी नेते."

वच्छलाबाई सोबत निघाल्या. निघण्याआधी रागिणीताईंना परसात गाठून त्यांनी हात धरला. "गावात बोलू नको, माय. चंदा माहेरी गेली अन् मी बहिणीकडं अकोल्याले गेली, असं सांगीन मी."

"मी कोणाचंच कोणाला सांगत नाही काकू. तुमी फक्त न्या."

अकोटला गाडी बदलून त्या अकोल्याला पोचल्या. वच्छलाबाईंनी बसमध्ये अंकुरला पदराखाली झाकून घेतलं होतं. ऊन लागू नये म्हणून, असं त्यांनी चंदाला सांगितलं. आकाश तर ढगाळ होतं.

त्या वार्डात भिंतींवर फळांची चित्रं होती, कोपऱ्यात खेळणी होती. पलंगांवर आया आणि त्यांची लेकरं. वच्छलाबाई पहिल्या दिवशी पलंगावर बसल्याच नाहीत. खिडकीशी, सगळ्यांकडं पाठ करून उभ्या राहिल्या. सिस्टर दर थोड्या वेळानं मापानं दूध आणून द्यायची आणि वाटी-चमच्यानं पाजायला सांगायची. पहिले काही दिवस अंकुर तोंड मिटून घ्यायचा. चंदा चमचा ओठाला लावून बसून राहायची. रागवायची नाही, रडायची नाही.

शेजारच्या पलंगावर बाळापूरची खातूनबी नातीला घेऊन आली होती. सुनेचे दुसऱ्या बाळाचे दिवस भरत आलेले, म्हणून नातीजवळ आजी. ती पहिल्याच संध्याकाळी वच्छलाबाईंना म्हणाली, "बैठो ना, बाई. कितीक वेळ उभ्या राहता? इथं कोन कोनाले पाहून राहिलं? सब आपल्या लेकराकडं बघतेत."

वच्छलाबाई बसल्या. पण गाव विचारलं तेव्हा त्यांनी 'तेल्हाऱ्याकडचं एक खेडं' एवढंच सांगितलं.

एका सकाळी सिस्टरनं सगळ्या आयांना घरी काय करून घालायचं ते शिकवायला बोलावलं. तिच्यापुढं अंगणवाडीचंच पाकीट होतं. तिनं ते कढईत तुपावर भाजलं, त्यात दाण्याचा कूट घातला, गूळ घातला. भाजलेल्या पिठाचा वास वार्डभर झाला, आणि वच्छलाबाई तिथून उठून तडक बाहेर व्हरांड्यात गेल्या. चंदा मागोमाग आली. सासूच्या डोळ्यांत पाणी पाहून ती घाबरली.

"आई, काय होऊन राहिलं तुमाले?"

त्या दिवशी वच्छलाबाईंनी जे सांगितलं ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या लहान असताना मोठा दुष्काळ पडला होता. बाप वावर सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. तिथं कामकऱ्यांना सरकारची सुकडी, गूळ घालून भाजलेलं पीठ, मिळायची. बापाला लाज वाटायची, म्हणून तो रांगेत पोरीला उभं करायचा. ताटली घेऊन. असाच भाजलेल्या पिठाचा वास असायचा. एकदा जातीतल्याच एका मोठ्या घरचे लोक बैलांच्या दमणीतून चालले होते, त्यांनी तिला पाहिलं. पुढं त्याच नात्यात तिचं लग्न ठरलं. सासू शेवटपर्यंत, काही चुकलं की, चारचौघींत म्हणायची, "सुकडीवर वाढलेली पोरगी हाय, तिले काय समजते!"

"तवापासून मले तो वास सहन होत नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, माह्या घरी हे पीठ कोणी खायचं नाही. माह्या नातवाले तं नाहीच नाही."

चंदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण तुमी जगल्या ना आई त्याच्यावर."

एवढं बोलून ती आत गेली.

त्यानंतर अंकुर हळूहळू पिऊ लागला. एका दुपारी वाटी संपली आणि त्यानं ती चंदाच्या हातातून ओढली, तळाला बोटं फिरवली आणि रडायला लागला. "भूक लागली वं याले!" खातूनबी पलंगावरून ओरडली. सगळ्या आया हसल्या. चंदा हसता हसता रडली. वच्छलाबाईही हसल्या, पण लेकराला भूक लागण्याचं एवढं नवल व्हावं, हे त्यांच्या मनाला चाटून गेलंच.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते घडलं.

चंदा कपडे धुवायला गेली होती. वच्छलाबाई अंकुरला घेऊन वार्डाबाहेर फेऱ्या मारत होत्या. उवा झाल्यामुळं त्याचे केस काढले होते. दवाखान्यानं दिलेलं ढगळ झबलं अंगात, पाय काड्यांसारखे लोंबत होते. समोरून माणिकबाई येताना दिसल्या. माणिकबाई म्हणजे हिवरखेडच्या धान्याच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पत्नी. गावातल्या बायकांचा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्या पुढाकारानं व्हायचा, आणि त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावाला कळायची. कोण्या नातेवाइकाला बघायला त्या आल्या होत्या. वळायला जागा नव्हती.

"अगं बाई, वच्छलाबाई! तुमी इथं कशा?" माणिकबाईंची नजर लेकरावर गेली आणि मग वर, दरवाजावरच्या पाटीवर. 'पोषण पुनर्वसन केंद्र.' "हे कोणाचं?"

अंकुरला त्यांनी बारशानंतर पाहिलंच नव्हतं.

"रखवालदाराचं," वच्छलाबाईंच्या तोंडून निघालं. "आमच्या बगिच्यात ते मेळघाटाकडचे लोक नाही का? शालूचं लहानं. आजारी होतं, कोणी पाह्यलं नसतं, म्हणून मीच घेऊन आली."

"काय बाई तुमचं मन!" माणिकबाईंनी पदर नाकाला लावला. "अन् ती माय कुठं हाय? सरकार याइले खायले देते तरी लेकरं अशी? ते पाकीट विकून खात असतीन."

वच्छलाबाईंनी मान हलवली. 'हो' अशी हलवली की 'नाही' अशी, ते त्यांनाही पुढं आठवेना. त्या क्षणी अंकुरनं त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि गालाला गाल लावला. माणिकबाई म्हणाल्या, "लळा लागला वाटते तुमचा," आणि पुढं गेल्या.

वच्छलाबाई मागं वळल्या तर दारात चंदा उभी होती. हातात पिळलेले कपडे, त्यांतून पाणी फरशीवर गळत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कपडे खाली ठेवले, पुढं येऊन अंकुरला सासूच्या हातातून काढून घेतलं आणि आत निघून गेली. त्यानंतर दवाखान्यातून सुटी होईपर्यंत तिनं त्याला आजीच्या हातात दिलं नाही. भांडली नाही, बोललीही नाही. आजीनं हात पुढं केला की म्हणायची, "राहू द्या, मी घेते."

गावी परतल्यावर अंकुरचा चेहरा भरलेला पाहून खुशालरावांनी त्याला उचलून फिरवलं. घरात आनंद होता. वच्छलाबाईंनी आपणहून कोठीची किल्ली चंदाच्या हातात दिली. अंगणवाडीचं पाकीट आलं ते चंदानं स्वतः भाजलं, आणि वच्छलाबाई तो वास येत असताना स्वयंपाकघरातच बसून राहिल्या. चहा-बिस्कीट बंद झालं. असं सगळं मार्गी लागलं होतं, पण शालू घरी यायची थांबली होती. तिचा नवरा एकटाच काम विचारायला यायचा.

संक्रांतीच्या महिन्यात माणिकबाईंकडं हळदीकुंकू होतं. त्यांनी गावातल्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. वच्छलाबाई गेल्या तर त्यांना नेऊन पुढच्या गादीवर बसवलं. दाराशी, चपलांच्या जवळ, मजूर बाया बसल्या होत्या. त्यांच्यात पोरीला मांडीवर घेऊन शालू होती. भिंतीला टेकून रागिणीताई.

माणिकबाई उभ्या राहिल्या. "आपण नुसतं वाण लुटतो. पण आपल्यातल्या एका बाईनं यंदा खरं पुण्य केलं," असं म्हणून त्यांनी अकोल्याची हकीकत सांगितली. मेळघाटातल्या रखवालदाराचं वाळलेलं लेकरू, आणि त्याला स्वतःच्या नातवासारखं उराशी धरून दवाखान्यात फिरणाऱ्या वच्छलाबाई. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "मी आल्या आल्याच अंगणवाडीत जाऊन शालूले चांगलं झापलं. जुने कपडेबी देऊन आली. आज इथं बोलावलं ते याच्यासाठी. शालू, ये इकडं. पाया पड यांच्या. तुह्या लेकराचा जीव वाचवला यांनी."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. शालू उठली. तिनं रागिणीताईंकडं पाहिलं. रागिणीताईंनी शब्द दिलेला होता. त्यांनी वच्छलाबाईंकडं पाहिलं, नजर न काढता. आता बोला, असंच त्या नजरेत होतं.

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं. 'ते लेकरू माह्यं हाय' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठावर आलेही होते. पण समोर नात्यातल्या बायका होत्या, खुशालरावांच्या चुलतभावाच्या सुना होत्या, आणि सासूचा तो आवाज, सुकडीवर वाढलेली पोरगी, कानात वाजत होता. शालू बायकांच्या मधून वाट काढत आली. पोरीला बाजूला बसवलं. वाकली आणि वच्छलाबाईंच्या पायांना हात लावला. हात थंड होते. तिनं वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत राग नव्हता. ओळखीचं असं काहीच नव्हतं तिथं. पोरीला उचलून ती आपल्या जागी न जाता सरळ दाराबाहेर गेली.

माणिकबाई म्हणाल्या, "पाहा, दोन शब्द तरी बोलली का? उपकाराची जाणच नाही या लोकांले."

वच्छलाबाई हातातलं वाण तिथंच विसरून घरी आल्या. पाय धुतले. परत धुतले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. खुशालरावांनी विचारलं तर डोकं दुखतं म्हणाल्या.

सकाळी त्या एकट्याच बगिच्यात गेल्या. संत्र्याची तोड चालू होती. शालू झाडाखाली पडलेली फळं वेचत होती. त्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी मजुराची माफी कधी मागितली नव्हती, कशी मागतात ते माहीत नव्हतं.

"शालू, माह्याकडून चुकलं वं. मी खोटं बोलली. तुह्यं नाव घ्याले नको होतं."

शालू फळं वेचत राहिली. "मले मालूम होतं ना, बाई."

बाई. माय नाही.

"मालूम होतं? मंग अंगणवाडीत काहून नाही बोलली? कपडे काहून घेतले?"

"बोलली असती तं काय झालं असतं? आमाले इथून काढलं असतं. तुमच्यावर कोनी बोट नसतं ठेवलं." शालूनं टोपलं उचललं. "माह्या पोरीले मी सगळं पाकीट खाऊ घातलं. एक दिवस उपाशी नाही ठेवलं. आता गावात कोनी तिच्याकडं पाह्यलं का म्हनते, ते दुसरं कुठं हाय, मेलं का? ते तुमी मले सांगून काय होते? मले तं मालूमच हाय. ज्याइले मालूम नाही त्याइले सांगा."

वच्छलाबाई तिथून थेट माणिकबाईंच्या घरी गेल्या. ओट्यावर न बसता उभ्यानंच सगळं सांगितलं. माणिकबाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी पटकन सावरून घेतलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणला.

"झालं ते झालं, वच्छलाबाई. आता कोणाजवळ बोलू नका. तुमची अब्रू तं जाईनच, माहीबी जाईन. मी एवढ्या बायांसमोर बोलली. अन् शालूचं काय, त्या लोकांले काही वाटत नसते."

आदल्या दिवशी आपण गप्प बसलो तेव्हा आपणही हेच म्हणत होतो, हे वच्छलाबाईंना माणिकबाईंच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. पाणी न पिताच त्या निघाल्या.

पुढचा वजनाचा दिवस आला. चंदा अंकुरला तयार करत होती. वच्छलाबाई म्हणाल्या, "आज मी नेते. देशील का माह्याजवळ?" चंदानं थोडा वेळ त्यांच्याकडं पाहिलं आणि लेकरू त्यांच्या हातात दिलं. ती मागून चालत राहिली.

वच्छलाबाई मागच्या गल्लीनं गेल्या नाहीत, बाजारातल्या रस्त्यानं गेल्या. अंकुरवर पदर घेतला नाही. अंगणवाडीत रांग होती, त्या रांगेत उभ्या राहिल्या. शालू पुढं होती. अंकुरला काट्यात बसवलं तेव्हा त्या वळल्या आणि बोलल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मागच्या बायांना ऐकायला पुढं यावं लागलं.

"अकोल्याच्या दवाखान्यात मी नेलं होतं ते लेकरू शालूचं नव्हतं. शालूले हे एकच लेकरू हाय, अन् ते चांगलं हाय. दवाखान्यातलं ते हे होतं. माह्या घरचं. लाल पट्टी याची आली होती. मी याचं पाकीट म्हशीले घातलं, याले चहा-बिस्कीट घातलं, अन् मले लाज वाटली म्हणून शालूचं नाव सांगितलं. तिनं माह्या पाया पडाले नको होतं."

मागं एक तरुण बाई फिसकन हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. रागिणीताई खाली मान घालून आकडा लिहीत राहिल्या. शालूनं पोरीच्या झबल्याची गुंडी लावली, पाकीट घेतलं आणि निघाली. दाराशी ती थांबली, असं चंदा नंतर सांगायची. वच्छलाबाईंनी ते पाहिलं नाही. त्यांची नजर जमिनीवर होती.

गावात महिना-दोन महिने चर्चा झाली. खुशालराव कितीतरी दिवस बायकोशी बोलले नाहीत. घराची अब्रू चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती, असं त्यांचं म्हणणं. माणिकबाईंनी बोलावणं बंद केलं. शालू आणि तिचा नवरा तोड संपल्यावर मोर्शीकडं, दुसऱ्याच्या बगिच्यात कामाला गेले. वच्छलाबाईंनी त्यांना थांबा म्हणून पाहिलं. शालू म्हणाली, "नाही बाई, तिकडं आमच्या गावचे लोक हायेत." ती रागावून गेली की नुसतीच गेली, हे वच्छलाबाईंना कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

अंकुर आता पळतो. चंदा सासूशी बोलते, दोघी एकाच वेळी ताट वाढून घेतात. ती अकोल्याची गोष्ट चंदानं कधी काढली नाही. वच्छलाबाईंना वाटतं, तिनं एकदा काढावी, ओरडावं.

मागच्या उन्हाळ्यात रागिणीताई त्यांच्याकडं आल्या. बाजारपेठेजवळच्या एका घरी लेकराची पट्टी लाल येत होती आणि सासू वार्डाचं नाव काढू देत नव्हती. "काकू, तुमी येता का? माझं ऐकत नाहीत त्या." वच्छलाबाईंना जावंसं मुळीच वाटत नव्हतं. तरी त्या पदर सावरून निघाल्या.

त्या घरात फ्रीज होता, कूलर होता. सासूनं खुर्ची दिली, सरबत दिलं. वच्छलाबाईंनी सरबत हातात धरून आपली हकीकत सांगितली, शालूसकट, काही न गाळता. सांगताना त्यांनी एकदाही समोर पाहिलं नाही.

"पण तुमच्या घरी तं सगळं होतं, वच्छलाबाई," ती सासू म्हणाली. "कमी काय होतं?"

"कमी काहीच नव्हतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तेच तं सांगून राहिली मी तुमाले."

ती बाई थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग तिनं आतल्या खोलीकडं तोंड करून सुनेला हाक मारली आणि लेकराला बाहेर घेऊन यायला सांगितलं.